रिकाम्या कपलरची चिंधी

शांते, इकडे ये. अशी कोठ्याच्या दारातून डोकावू नको, जवळ येऊन बस. पायाले माती असली तरी चालते, आज मी काही म्हणत नाही. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहणार नाही, अन् ती तू गप्प बसून ऐकायची. अर्धं काम टाकून उठायची तुझी खोड काही गेली नाही. मुंगवड्या घालता घालता कोणी हाक मारली की तू उठली, अन् राहिलेल्या पिठावर मी बसायची. लेकीचा स्वेटर विणायले घेतला, त्याच्या बाह्या माझ्याच गळ्यात पडल्या. मी तोंड सोडलं की हसून म्हणायची, "तुमी आहा ना बाई, तुमच्याच भरवशावर तं टाकते."

या वेळेस मात्र हद्द केली. गाडीचं पोट उघडून ठेवलं, आतडी काढून पांढरकवड्याले धाडली, अन् स्वतः निघून गेली. हे कोणाच्या भरवशावर टाकलं वो? जिले साधं बोनट उघडता येत नव्हतं, तिच्या?

लोक अजून येऊन बसतात. म्हणतात, शांताबाई भल्ली धीराची, नवरा गेल्यावर हातात स्टेअरिंग घेतलं, गावचा भाजीपाला घाटंजीच्या बाजारात पोचवला, कोणापुढं वाकली नाही. मी मान हलवते. मंग म्हणतात, जावा जावा असूनही तुम्ही दोघी सख्ख्या बहिणीवानी राहिल्या. तेव्हा मात्र मी मान हलवत नाही. सख्ख्या बहिणी इतक्या भांडत नाहीत. आपले दोघींचे मालक गेले, घरात तू अन् मी, तुझी पिकअप अन् माझी शिलाई मशीन, एवढंच उरलं. अन् त्या दोन मशिनींवरून आपण रोज भांडलो. तुझं शेवटचं भांडणही माझ्यासोबत अर्धंच राहिलं आहे, हे मी कोणाले सांगू?

भांडण एकच. मी म्हणे, गाडी विकून टाक. पायऱ्या चढताना तुले दम लागे, क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजे, अन् बाजाराच्या दिवशी तू पहाटेपासून सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या, वांग्याच्या पाट्या, पालकाचे गठ्ठे चढवत बसे. मले पाहवत नव्हतं. तू म्हणे, "इकून काय करू? घरी बसून तुमच्या मशीनची खडखड आयकू?" मी म्हणे, "माझ्या मशीननं कोणाचा जीव जात नाही." तू म्हणे, "माह्या गाडीनं तरी कोनाचा गेला?" अन् पुढच्या बाजाराले पुन्हा मीच शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी घेऊन तुझ्या बाजूच्या सीटवर बसलेली.

बसली की माझं दुसरं गाणं सुरू. गरमी होते. पायाखालून इंजिनची वाफ येते. घाटंजी येईपर्यंत मी उकडलेल्या शेंगेवानी होते. तू समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणे, "मंग चालत या." या एका उत्तरावर मी किती कोस रुसून बसली असेन. पण शांते, ज्या दिवशी तू मले न घेता एकटीच गेलती, त्या दिवशी माझी शिलाई सरळ आली नव्हती. हे मी तुले कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चढून बसली असती ना डोक्यावर.

यंदा कापूस घरात जागा नाही म्हणून कोठ्यात गाडीच्या बाजूले रचला, तिथूनच सारं सुरू झालं. कापसात उंदीर आले, कापसातून बोनटमध्ये गेले. रुईचा मस्त बिछाना करून त्याईनं इंजिनावर बाळंतपणं केली अन् वायरा कुरतडल्या. गाडी चालता चालता मरायले लागली. घाटंजीच्या वायरमननं एका जागी टेप गुंडाळला की डॅशबोर्डवर बिघाडाचा दुसराच दिवा लागे. शेवटी तू पांढरकवड्याच्या वायरिंगवाल्या युनूसभाईले फोन लावला. हायवेवरच्या ट्रकांची लाईन सोडून त्याले इकडे यायले फुरसत नव्हती. तो म्हणाला, "भाभी, गाडी मत लाओ. इंजिन का पूरा वायरिंग निकालके भेज दो, मैं नया बनाके देता."

"कोन काढन?" मी विचारलं.

"आपन."

"आपण? वेड लागलं का तुले?"

"तुमाले चोळी उसवता येते ना?"

"येते."

"मंग हे बी तेच हाय. जसं शिवलं तसं उसवाचं, अन् उसवलं तसं शिवाचं."

काय बोलावं यावर? तू माझ्या धंद्यातलं माझ्याच गळ्यात घालायची. मी नाही नाही म्हणत कैची घेऊन कोठ्यात आली, तर तू ओरडली, "कैची कायले? काही कापाचं नाही!"

तो दिवस मले सारा आठवते. युनूसभाईनं सांगितल्यापरमाणं तू पहिले बॅटरीची मायनसची वायर सोडली. मंग मोबाईलवर इंजिनाचे फोटो काढले, म्हणजे कुठलं काय कुठं होतं ते कळावं. मंग बॅटरी उचलली, हवेच्या फिल्टरचा डबा काढला, अन् आत ते जाळं दिसलं. सेल्फले गेलेली वायर, डायनामोले गेलेली, हीटरच्या प्लगाले, इंजेक्टरले, अन् नावं न कळणाऱ्या किती तरी सेन्सराईले. जागोजागी वायरा जोडणारा एकेक प्लास्टिकचा कपलर आपल्या जागी दात रोवून बसलेला. तू म्हणाली, प्रत्येकाले खूण बांधा लागते. एक खूण कपलरले, तशीच दुसरी तो जिथून काढला तिथं. चिठ्ठ्या लावल्या तर डिझेलनं अक्षर पुसते. मंग मीच उठून माझी चिंध्यांची थैली आणली.

तिथून खरी मजा सुरू झाली. माझ्या थैलीत साऱ्या गावच्या ब्लाउजांच्या कातरणी. तू एकेक चिंधी फाडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे बांधे अन् ज्या बाईचा ब्लाउज तिचंच नाव कपलरले देऊन टाके. डायनामोले गेलेली जाडजूड वायर झाली पाटलीणबाई. तेलात बरबटलेला एक कपलर झाला मंदा हॉटेलवाली. अन् एक कपलर कितीही ओढला तरी निघेना, त्याले तू आपल्या नणंदेची, सुमनची निळी चिंधी बांधली.

"ओढू नका बाई, ओढू नका! वायर तुटते. हिचं कुलूप हाय, ते आंधी दाबा लागते."

"कुठं आहे कुलूप?"

"सुमनबाईचं कुठं असते? हातात आहेर दाबला का सुटते!"

अन् खरंच तू अंगठ्यानं तो खटका दाबला अन् सुमन अशी अल्लद बाहेर आली. आपण दोघी मडगार्डवर डोकं टेकवून हसलो. त्याच हसण्यात तुझा हात इंजिनाच्या मागच्या सांदीत अडकला. तुझा हात बारीक, म्हणून तूच घातला होता. आत गेला तो बाहेर येईना. मी खोबऱ्याचं तेल आणायले धावली. तू मागून ओरडली, "तेल कायले, इथं तेलच तेल हाय!" हात निघाला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत खरचटला होता. मी हळद दाबली अन् पुन्हा तेच म्हटलं, "विकून टाक हे धूड." तू हळदीच्या हातानं पुढचा कपलर काढायले लागली.

हिरव्या चिंध्यांचं मात्र तुले मी बजावून सांगितलं होतं. गावातल्या एका लग्नात साऱ्या बायकांना एकाच ताग्यातले ब्लाउजपीस आहेरात आले, साऱ्या माझ्याचकडे शिवायले आल्या, म्हणून थैलीत अर्धी हिरवीच कातरण. इंजेक्टराच्या दोन कपलराईले तू दोन्हीकडे तीच बांधली. मी म्हटलं, "दोन्ही सारखेच दिसतात, चुकन." तू म्हणाली, "तुमची चिंधी तुमी नाही ओयखान तं कोन ओयखन?" तुझा माझ्यावरचा भरवसा असा, जिथं नको तिथं.

सारे खटके सुटले, पट्ट्या सुटल्या, इंजिनाले अर्थिंगचा बोल्ट होता तोही निघाला. मंग आपण दोघींनी मिळून ती वायरिंग उचलून आंगणात चादरीवर ठेवली. मुळासकट उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीवानी दिसत होती. मधी एक खोड, अन् चहूकडे फांद्या, अन् प्रत्येक फांदीच्या टोकाले कोण्या ना कोण्या बाईची रंगीत चिंधी. तू कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. म्हणाली, "पाहा बाई, सारं गाव झोपलं हाय."

तेव्हाच मले तो दिसला. जिथून वायरिंग आत ड्रायव्हरच्या बाजूले जाते, तिथं एक लहानसा पांढरा कपलर. त्याले माझ्या जांभळ्या लुगड्याची चिंधी. मी वर्षानुवर्षं नेसली ते लुगडं, काठ फाटला म्हणून मीच फाडून थैलीत टाकलं होतं, मी ओळखणार नाही का?

"हे कोण वो?"

"हे तुमी."

"मी? कुठून काढलं मले?"

"कुठूनच नाही. हे कुठंच जोडेल नव्हतं. कंपनीनं असंच रिकामं सोडेल हाय."

"म्हणजे मी रिकामी? बिनकामाची?"

तू अशी हसली, शांते, पदर तोंडात घेऊन. म्हणाली, "मंग सांगते," अन् चहा ठेवायले घरात गेली. मी बाहेरून दोन-चार ठेवणीतले शब्द फेकले. चहा घेताना युनूसभाईचा फोन आला, वायरिंग कशी गुंडाळायची ते त्यानं सांगितलं, अन् ते बोलणं तिथंच राहिलं.

वायरिंग कापसाच्या पोत्यात घालून बसनं गेली. काही दिवसांनी युनूसभाईनं कळवलं, तयार आहे, घेऊन जा. तू लगेच पातळ बदलायले निघाली. "चला बाई, बसनं जाऊन येऊ. तुमाले बी हवा लागन." मी मशीनवरून मान वर केली नाही. म्हटलं, लग्नसराईचे ब्लाउज पडले आहेत, पुढल्या आठवड्यात जाऊ. अन् तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पुढं म्हटलं, "अन् आणून तरी काय करशीन? तशीच विकून टाक." तू न बोललेली मले आवडत नसे, पण त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही. बाहेर जाऊन तू उघड्या बोनटवर जुनी चादर झाकली, लेकराले झाकावं तशी, अन् येऊन तुरी पाखडायले बसली.

तो पुढला आठवडा तुले भेटला नाही.

तू गेली, त्या सकाळचं मी बोलत नाही. त्या सकाळचं बोलायले साऱ्या गावाले येते. मी आपली त्या न गेलेल्या बसचंच बोलते. खिडकीची जागा तुले देऊन मी तुझ्या बाजूले बसली असती. परतीच्या वाटेत वायरिंगचं पोतं दोघींच्या मांडीवर राहिलं असतं, अन् मी विचारलं असतं, सांग आता, मले रिकाम्या जागी काहून बांधलं? बसमधून तू कुठं चहा ठेवायले पळणार होती?

तेरवी झाली. तुझी वैशाली पुण्याहून आलतीच. पाहुणे गेल्यावर तुझी लेक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मोठी आई, यवतमाळच्या भंगारवाल्याले बोलावलं आहे. गाडी तशीही बंद आहे. क्रेननं ओढून नेईन तो."

मी म्हटलं, "नाही न्यायची."

ती पाहतच राहिली. "तुमीच तं जलमभर म्हणत होत्या, इकून टाक म्हणून! आई फोनवर सांगे मले."

"म्हणत होती. तिच्याशी म्हणत होती. तुझ्याशी नाही म्हणत."

"मंग चालवणार कोण?"

तू असती तं काहीतरी वाकडं बोलून तिचं तोंड बंद केलं असतं, शांते. मले एवढंच सुचलं, की जायची असेल तर जाऊ दे, पण आपल्या चाकांवर जाऊ दे, आपल्या आवाजानं जाऊ दे. तुझ्या गाडीले साखळी लावून, आतडी नसलेल्या ढोरावानी ओढत नेलेलं मी पाहणार नाही. वैशाली रडली. मंग म्हणाली, "एक डाव सुरू होते का पाहू."

युनूसभाई स्वतः आला, फटफटीले पोतं बांधून. दारात उभा राहून टोपी हातात घेतली. मंग म्हणाला, "भाभी का काम अधूरा नही छोडने का." नवीन वायर, नवीन काळी नळी, पण त्यानं प्रत्येक चिंधी जुन्या जागेवरून सोडून जशीच्या तशी नव्या कपलरले बांधून आणली होती. तुझे मोबाईलमधले फोटो आम्ही उघडले, तर साऱ्या फोटोत तुझा अंगठा! इंजिन कुठंच नाही, अंगठाच अंगठा. वैशाली रडता रडता हसली. मले मात्र ते फोटो ठेवून घ्यावेसे वाटले.

तेव्हा चिंध्यांशिवाय सोय नव्हती. युनूसभाई कपलर हातात घेई अन् विचारे, "ये कौन?" मी सांगे, पाटलीणबाई. तो आत वाकून पिवळ्या चिंधीची जोडी शोधे. मंदा हॉटेलवाली आपल्या तेलात जाऊन बसली. सुमन टक्कन आवाज करून बसली, बाहेर यायले नखरे, आत जायले एका पायावर तयार. इंजिनामागच्या सांदीत युनूसभाईचा हात जाईना, माझा तं जाणारच नव्हता. वैशालीनं बांगड्या काढल्या अन् हात घातला. तुझाच हात आहे तो, शांते. तसाच आत गेला, अन् तसाच खरचटून बाहेर आला. मी हळद आणायले उठली अन् चुलीपाशी जाऊन उगाच थांबली थोडा वेळ.

किल्ली फिरवली. गाडी अशी थडथडली की कोठ्यातल्या कोंबड्या उडाल्या. खोकायले लागली, काळा धूर, साऱ्या अंगाले हिव भरल्यावानी कापे. वैशाली म्हणाली, "गेली." पण मी ओरडली, "हिरव्या! हिरव्या चिंध्या पाहा!" युनूसभाईनं दोन इंजेक्टराचे कपलर अदलाबदल केले. पुन्हा किल्ली मारली, अन् लागली की तुझी गाडी. तोच आवाज, जो बाजारातून यायले तुले उशीर झाला की मी मशीन थांबवून वळणावर शोधत राहायची.

वैशाली ड्रायव्हरच्या सीटवर चढली. तू बुटकी, सीट तू पुढं ओढून ठेवली होती. तिचे गुडघे स्टेअरिंगले लागत होते, पण तिनं सीट मागं केली नाही. मी सवयीनं डाव्या बाजूले जाऊन बसली. तिले तूच शिकवली होती चालवायले, वावरात. आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत गेलो अन् परत आलो. गरमी होत होती. मी काही म्हटलं नाही.

निघताना युनूसभाईनं पान्हे गोळा केले. मले तो पांढरा कपलर दिसला, जांभळ्या चिंधीसकट, आपल्या जागी लोंबत. मी म्हटलं, "भाऊ, हे तं कुठंच लागत नाही, मंग नव्या वायरिंगमध्ये कायले ठेवलं?"

तो म्हणाला, "भाभी ने फोन पे बोला था, बाकी कुछ भी करो, ये वाला काटना मत. इसमें करंट चालू रखना, इसका काम है."

"काय काम?"

"वो नही बोली. मैंने पूछा भी. बोली, बाई को पहले बताऊंगी."

आता सांग. पहिले बाईले सांगणार होती, अन् बाई ब्लाउजांना हुक लावत बसली होती.

तेव्हापासून माझ्या मनाले दुसरा धंदा नाही. कधी वाटते, तू मले खिजवायलेच बांधलं: बाई म्हणजे कुठंच न जोडलेली, पण करंट चालू. तसं असेल तर तू बरोबरच ओळखलं. कधी वाटते, माझ्या त्या गरमीच्या रडगाण्यावर तू डाव्या बाजूले लहानसा पंखा लावणार होती. हायवेच्या ट्रकांत असतात तसा. "मंग चालत या" म्हणणारी तू, माझ्यासाठी पंखा लावणार होती का वो? वैशाली म्हणते, पंखाच असन, लावून टाकू. मी लावू दिला नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या कपलरले मी काही जोडणार नाही.

वैशाली पुण्याले गेली. भंगारवाल्याले तिनं नाही म्हटलं आहे. अखजीले, अक्षय तृतीयेच्या सणाले, येते तेव्हा पाहू म्हणाली. युनूसभाईनं सांगितलं, मधून मधून गाडी सुरू करत जा, नाही तं बॅटरी बसते अन् उंदीर परत येतात. म्हणून घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी कोठ्यात जाते, तुझ्या पुढं ओढलेल्या सीटवर चढून बसते अन् किल्ली फिरवते. गिअरले हात लावत नाही, भेव वाटते. गाडी जागच्या जागी धडधडत राहते, मी स्टेअरिंग धरून बसते, अन् डावी सीट रिकामी पाहून कळते, की तू इतकी वर्षं कोणती कटकट बाजूले बसवून नेत होती. तरी नेत होती.

अखजीले तुझ्या नावानं घागर भरीन, सांजोऱ्या करीन, पान वाढीन. त्या दिवशी तं सारेच पितर येतात. पण तेव्हा गर्दी राहीन, वैशाली राहीन, अन् आपल्याले मोकळं बोलता येणार नाही. तू त्याच्या आधी ये. बाजाराच्या दिवशी सकाळीच ये, मी गाडी सुरू करून ठेवते. या खेपेस मी सरकून डाव्या सीटवर बसीन, गरमीचं नाव काढणार नाही. चहा मीच ठेवून आलेली राहीन, म्हणजे तुले उठायचं कारण उरणार नाही. ये अन् तेवढं एक सांगून जा. लवकर ये वो, शांते.